बैठकीच्या खोलीची किल्ली

२०११ सालच्या पावसाळ्यातील एका शनिवारी दुपारी मी पुण्याच्या आमच्या कार्यालयात बसून, पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी बँकेच्या मुख्यालयात नुकत्याच बसवलेल्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंग यंत्रणेची चाचणी घेत होतो. काम नेहमीचेच होते. आपल्या टोकाकडून कॉल लावायचा, पलीकडच्या कोडेकने, म्हणजे कॅमेरा, मायक्रोफोन आणि टीव्ही जोडलेल्या कॉलच्या यंत्राने, तो आपोआप उचलायचा, चित्र आणि आवाज ठीक आहेत याची खात्री करायची आणि नोंदवहीत सही करून पुढच्या ग्राहकाकडे वळायचे. तेव्हा बँका शनिवारी अर्धाच दिवस चालत, त्यामुळे दुपारी खोली रिकामी असेल असे मी गृहीत धरले होते. कॉल लागला, चित्र उमटले आणि खोली रिकामी नव्हती. लांबट टेबलाभोवती दहाबारा माणसे बसली होती, चहाचे कप अर्धे भरलेले होते आणि एक वयस्कर संचालक एका कर्जदाराचे नाव घेऊन त्याच्या घरातील आजारपणाविषयी, त्यामुळे थकलेल्या हप्त्यांविषयी हळू आवाजात बोलत होते. कॅमेऱ्याकडे कोणाचीही नजर नव्हती.

कॉल तोडायला मला वीसेक सेकंद लागले. तेवढा वेळ का लागला, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. काय चालले आहे हे कळायला काही क्षण गेले हे खरे, पण आवाज किती स्वच्छ येतो आहे याचे व्यावसायिक समाधान वाटण्यात त्यांतील काही क्षण गेले, हेही तितकेच खरे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस हळू बोलत असूनही त्याचा शब्दन् शब्द कळत होता. आम्ही मायक्रोफोनची जागा उत्तम निवडली होती.

खोलीतील माणसांना काहीच का कळले नाही, हे मला नंतर उलगडले. कोडेक चालू होता, परंतु टीव्ही बंद होता. कॉल आल्याची घंटी टीव्हीच्या स्पीकरमधून वाजते, त्यामुळे ती वाजलीच नाही. टेबलावरच्या मायक्रोफोनचा छोटा हिरवा दिवा तेवढा लागला असणार, पण त्या दिव्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. सांगण्याचे काम आमचे होते.

त्या वीस सेकंदांची नोंद कोणाकडेही नव्हती आणि मी गप्प राहिलो असतो तर कोणाला कधीच पत्ता लागला नसता. सोमवारी सकाळच्या एसटीने मी तिकडे गेलो आणि बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना झाला प्रकार सांगितला. ते रागावतील अशी माझी मनाची तयारी होती. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे तुम्ही आत्ता इथे बसला आहात, तसा तुमचा दुसरा कोणी माणूस या क्षणी ही खोली ऐकत असेल तर मला कसे कळेल?” मी म्हणालो, “साहेब, तुम्हाला कळणार नाही.” मग ते मला तळमजल्यावर घेऊन गेले आणि स्ट्राँगरूमचा दरवाजा त्यांनी दुरून दाखवला. या दाराला दोन किल्ल्या लागतात, एक रोखपालाकडे असते आणि एक अधिकाऱ्याकडे, एकट्याने कोणालाही ते उघडता येत नाही, आणि दुसरा संच लखोट्यात मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो, असे त्यांनी सांगितले. “तुमच्या यंत्राची किल्ली कोणाकडे असते?” हा त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ती किल्ली आमच्या कार्यालयातील प्रत्येकाकडे होती. सर्व ग्राहकांच्या सर्व यंत्रांना आम्ही एकच पासवर्ड ठेवत असू आणि तो कंपनीचे नाव व पुढे एक-दोन-तीन असा होता.

मला पुढची अनेक वर्षे पुरलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. तो कॉल आपोआप उचलला गेला, कारण ऑटो-आन्सर ही सोय आम्हीच चालू ठेवली होती. आमचा माणूस दर वेळी दीडशे किलोमीटर जाऊ नये, चाचणी कार्यालयातून व्हावी, ग्राहकाला तातडीने मदत मिळावी, असा त्यामागचा हेतू होता. यंत्र फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कभोवतीच्या संरक्षक भिंतीच्या, बाहेर थेट इंटरनेटवर ठेवण्याचे कारणही तेच होते. व्हिडिओ कॉलसाठीच्या एच.३२३ या प्रणालीचे कॉल फायरवॉलमधून नीट जात नसत, आणि ती अडचण सोडवत बसण्यापेक्षा यंत्राला सार्वजनिक आयपी पत्ता देऊन मोकळे होणे सर्वांनाच सोपे वाटे. सेवा चांगली द्यायची म्हणून आम्ही दार उघडे ठेवले होते.

जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील रॅपिड-७ या कंपनीतील संशोधक एच. डी. मूर यांचे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा आम्ही एकटे नव्हतो हे समजले. त्यांनी इंटरनेटचा अगदी छोटा हिस्सा, सुमारे तीन टक्के, तपासला होता आणि तेवढ्यात त्यांना जवळपास पाच हजार अशी यंत्रे सापडली होती, जी अनोळखी कॉलही आपोआप उचलत होती. त्यांत कंपन्यांच्या संचालक मंडळांच्या खोल्या होत्या, वकिलांची कार्यालये होती. पलीकडचा कॅमेरा इकडून फिरवण्याची आणि जवळ आणण्याची सोय या यंत्रांत असते, त्यामुळे टेबलावरचे कागदही पाहता येत होते. ती बातमी वाचताना मला त्या बँकेतील चहाचे कप आठवले. तोवर आम्ही आमच्या सर्व ग्राहकांकडची ऑटो-आन्सरची सोय बंद केली होती, हे त्यातल्या त्यात समाधान.

आमच्या व्यवसायाला इंग्रजीत इंटिग्रेशन म्हणतात, आणि मराठीत त्याला सुटसुटीत शब्द नाही. प्रोजेक्टर एका कंपनीचा, मायक्रोफोन दुसऱ्या, ॲम्प्लिफायर तिसऱ्या आणि हे सगळे चालवणारा कंट्रोल प्रोसेसर चौथ्या कंपनीचा असतो. यांची जुळणी करून एका बटणावर खोली चालू व्हावी, अशी व्यवस्था उभी करणे हे आमचे काम. पंचवीस वर्षांपूर्वी मी या धंद्यात आलो तेव्हा या जुळणीत बिघाड झाला तर फार तर आवाज घुमायचा किंवा चित्र निळे दिसायचे. अर्थिंग चुकले की स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची घरघर येई आणि ती शोधण्यात रात्र जाई. ते सगळे बिघाड कानाला आणि डोळ्याला कळणारे होते. आता प्रत्येक यंत्राला नेटवर्कची वायर आहे आणि सर्वांत वाईट बिघाड तो असतो, ज्यात सगळे काही उत्तम चालू असते.

याचे उदाहरण म्हणून मी नव्या मुलांना २०१६ सालची घटना सांगतो. ऑस्ट्रियातील सेक कन्सल्ट या सुरक्षा संस्थेने त्या वर्षी जानेवारीत जाहीर केले की, एएमएक्स या कंपनीच्या कंट्रोल प्रोसेसरमध्ये एक छुपे खाते आहे. वापरकर्त्यांच्या यादीत ते दिसत नव्हते, आणि नेटवर्कवरील माहितीची वाहतूक टिपण्यासारखे, खुद्द प्रशासकालाही न मिळणारे अधिकार त्याला होते. त्या खात्याचे नाव ‘ब्लॅक विडो’ असे होते. कंपनीने दिलेले स्पष्टीकरण मला त्या नावापेक्षा अधिक विचार करायला लावणारे वाटले: ते ग्राहकांना तांत्रिक साहाय्य देण्यासाठी ठेवलेले देखभालीचे जुने खाते होते. मी या स्पष्टीकरणावर अविश्वास दाखवणार नाही. आमचे ऑटो-आन्सरही तसेच होते. या धंद्यातील पुष्कळशी भगदाडे कोणा दुष्ट माणसाने पाडलेली नसतात. रात्री अकरा वाजता ग्राहकाचा फोन येईल आणि आपल्याला पटकन आत शिरता आले पाहिजे, या प्रामाणिक काळजीपोटी ती ठेवलेली असतात.

पासवर्डचे तेच होते. आज एखाद्या बऱ्यापैकी कंपनीतील बावीस-तेवीस वर्षांच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या मोबाइलवर चाळीसएक बैठकखोल्यांचे पासवर्ड असतात, आणि ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतात, कारण साइटवर उभे असताना तेच हाताशी येते. तो मुलगा चार हजार रुपये जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या कंपनीत जातो. त्याला ग्रुपमधून काढले जाते, परंतु पासवर्ड बदलले जात नाहीत. त्याच २०१६ साली मिराय या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या साठाहून अधिक तयार नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरातील कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट एकच पासवर्ड असलेली घरगुती उपकरणे विकण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे ॲडमिन-ॲडमिन, म्हणजे नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन, हा प्रकार अजून जिवंत आहे, आणि रॅकच्या, म्हणजे यंत्रे बसवलेल्या कपाटाच्या, दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलाही मी पाहिला आहे.

दार उघडे ठेवण्याची चूक जितकी वाईट, तितकीच ग्राहकाच्या घराला आपले कुलूप लावण्याची वाईट आहे. काही वर्षांपूर्वी एका नगरपरिषदेच्या सभागृहात आम्हाला बोलावणे आले. प्रत्येक सदस्यासमोर मायक्रोफोन, अध्यक्षांच्या मायक्रोफोनला प्राधान्य, म्हणजे त्यांनी बटण दाबले की इतर सर्वांचे आवाज बंद व्हावेत, अशी ती यंत्रणा होती. अध्यक्षांचे आसन डावीकडून मधोमध हलवले गेले होते आणि प्राधान्य जुन्याच जागेवर राहिले होते, त्यामुळे आता तिथे बसणारा कोणताही सदस्य सर्वसाधारण सभा गप्प करू शकत होता. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. परंतु प्रोसेसरला पासवर्ड होता, मूळ प्रोग्रामची फाइल पहिल्या कंत्राटदाराकडे होती आणि त्याने धंदा बंद केला होता. यंत्रात असतो तो यंत्राला कळणारा, तयार झालेला प्रोग्राम. त्यावरून मूळ फाइल परत मिळवता येत नाही. सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागला, त्यासाठी नवे अंदाजपत्रक, नवी मंजुरी आणि सहा महिने गेले. लोकांच्या पैशाने घेतलेल्या यंत्रणेची मूळ फाइल लोकांच्या कार्यालयात नसावी, हे मला अजूनही चुकीचेच वाटते. तो कंत्राटदार फसवणारा होता असे मी म्हणणार नाही. ‘आपणच तर करणार आहोत पुढचे काम’ असे त्यालाही वाटले असेल.

आमच्या क्षेत्राला मानके नाहीत, असा समज ग्राहकांचा आहेच, पण आमच्यातीलही अनेकांचा आहे, आणि तो खरा नाही. पूर्वी इन्फोकॉम या नावाने ओळखली जाणारी आणि २०१७ पासून अविक्सा झालेली आंतरराष्ट्रीय संघटना गेली अनेक वर्षे अशी मानके तयार करते आहे. तिचे २०१३ सालचे एक मानक पूर्ण झालेल्या यंत्रणेची पडताळणी कशी करावी ते सांगते आणि त्यात तपासण्याच्या १६० बाबी आहेत. खोलीत प्रकाश असताना पडद्यावरील चित्राचा पांढरा भाग काळ्या भागाच्या तुलनेत किती उजळ हवा, याचे मानक आहे. नुसते पाहायचे असेल तर सातास एक, आकडे वाचून निर्णय घ्यायचा असेल तर पंधरास एक, आणि बारीक तपशील तपासायचा असेल तर पन्नासास एक. नेटवर्कवरील यंत्रणांच्या सुरक्षेसाठी २०१८ साली याच संघटनेने मार्गदर्शक पद्धती प्रसिद्ध केल्या. केबलवर लेबल कसे लावावे, यासाठीसुद्धा २०१५ सालचे स्वतंत्र मानक आहे. ते वाचताना मला आमच्या काकांची आठवण झाली.

काका म्हणजे आमच्याकडचे जुने वायरमन. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत. कापड गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि गिरणी बंद पडल्यावर ते आमच्याकडे आले. त्यांच्या पिशवीत पिवळ्या फेरूलची डबी असे. फेरूल म्हणजे आकडा छापलेली, मणी असावा तशी छोटी नळी. वायरला कनेक्टर लावण्यापूर्वी ती ओवावी लागते. विसरलात तर कनेक्टर कापून पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजी सहा आणि नऊ उलटसुलट वाचले जातात म्हणून काका आकड्याखालची रेघ तपासून मगच मणी ओवत. एकदा मध्यरात्र उलटून गेली होती, सकाळी उद्घाटन होते, आणि मी म्हणालो, “काका, खालच्या टोकाला नंबर घातलाय ना, वरच्या टोकाला आता राहू द्या.” ते शिडीवरूनच म्हणाले, “अरे, उद्या वर चढणारा माणूस नंबर बघायला खाली येणार आहे का?” त्यांनी दोन्ही टोकांना मणी ओवले आणि मग त्या केबलची नोंद स्वतःच्या अक्षरात वहीत केली. अविक्साच्या मानकातही हेच आहे: दोन्ही टोकांना, दिसेल असे, आणि वायरिंगच्या नकाशाशी जुळणारे.

त्या रात्री मला ते केवळ नीटनेटकेपण वाटले. लेबल आणि सुरक्षा यांचा संबंध फार उशिरा लक्षात आला. ज्या रॅकमधील प्रत्येक वायर कुठून कुठे जाते हे कागदावर आहे, त्या रॅकमध्ये नको असलेली एखादी वायर किंवा एखादे जास्तीचे उपकरण दिसले, तर ते परके आहे हे ओळखता येते. जिथे सेलोटेपने चिकटवलेली कागदी लेबले पावसाळ्यात गळून खाली पडलेली आहेत आणि नकाशा ज्याच्या डोक्यात होता तो माणूस नोकरी सोडून गेला आहे, तिथे सगळ्याच वायरी सारख्याच परक्या असतात. तिथे नवा इंजिनिअर आला की तो काही काढत नाही, फक्त वर भर घालतो. आणि जिथे कागदपत्रे पूर्ण असतात, तिथे रात्री अकरा वाजता बँकेचा स्वतःचा माणूसही फोनवर विचारून बिघाड शोधू शकतो आणि आम्हाला दार उघडे ठेवण्याची गरजच उरत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळलेली असावी लागतात. आमच्या यंत्रांच्या बाबतीत घड्याळ ही गोष्ट कोणी पाहतच नाही. वीज गेली की कित्येक उपकरणे १ जानेवारी २००० वर जाऊन बसतात आणि तिथूनच पुढे चालू लागतात. उद्या काही घडले आणि कोणी नोंदी मागितल्या, तर या खोलीत रात्री कोणी कॉल लावला याचे उत्तर वीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या तारखेने मिळेल. हे जुळवायला प्रत्येक यंत्रामागे दोन मिनिटे लागतात.

ही दोन मिनिटे कुठल्याच निविदेत नसतात. आमच्याकडच्या निविदांमध्ये प्रोजेक्टर किती ल्युमेनचा आणि स्पीकर किती वॅटचे हे काटेकोर लिहिलेले असते, पण कमिशनिंगसाठी, म्हणजे यंत्रणा जुळवून, तपासून चालू करून देण्यासाठी, किती दिवस, प्रशिक्षण किती तासांचे, मूळ फाइल कोणाच्या ताब्यात आणि पासवर्ड कोणी बदलायचे, याचा बीओक्यूमध्ये, म्हणजे निविदेतील वस्तू व कामांच्या यादीत, उल्लेख नसतो. मग सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडला जातो आणि दर कमी करण्यासाठी त्याच्याजवळ कापण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे माणसांचा वेळ. देखभालीच्या करारातही ‘चार तासांत प्रतिसाद’ असे लिहिलेले असते. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणे की दुरुस्ती, हे लिहिलेले नसते. वर्षातल्या चार भेटींपैकी दोन भेटींत फिल्टर झटकून, पहारेकऱ्याची सही घेऊन मुले परत येतात. मी स्वतः दरपत्रकात पडताळणी आणि हस्तांतर या दोन बाबी किमतीसह वेगळ्या दाखवू लागलो तेव्हा काही कामे हातची गेली, आणि तरीही मी त्या वगळलेल्या नाहीत.

अलीकडे छतात बसणारे मायक्रोफोन आले आहेत. साठ सेंटिमीटर बाय साठ सेंटिमीटरची पांढरी चौकट, शेजारच्या टाइलसारखीच दिसणारी. खोलीच्या कोपऱ्यात कोणी कुजबुजले तरी ती आपले लक्ष तिकडे वळवते. वास्तुरचनाकारांना ती आवडते, कारण ती दिसत नाही, आणि मला तिची काळजी वाटते तीही त्याच कारणाने. टेबलावरच्या मायक्रोफोनवर निदान हात ठेवता येत असे. म्हणून आम्ही अशा प्रत्येक खोलीच्या दारापाशी मराठी आणि इंग्रजीत एक छोटी पाटी लावतो: ‘या खोलीच्या छतात मायक्रोफोन आहे. लाल दिवा म्हणजे बंद.’ सजावट बिघडते म्हणून दोन ठिकाणी ती काढायला सांगण्यात आली. एका ठिकाणी आम्ही लेखी विनंती केल्यावर ती राहिली.

गेल्या वर्षी त्याच बँकेने मुख्यालयातील बैठकखोली पूर्ण नवी करून घेतली आणि काम आमच्याकडे दिले. ते मुख्य कार्यकारी अधिकारी केव्हाच निवृत्त झाले आहेत. हस्तांतराच्या दिवशी टेबलावर केबलच्या नोंदींची वही होती, मूळ प्रोग्रामची फाइल असलेले दोन पेनड्राइव्ह होते आणि पडताळणीच्या तक्त्यावर प्रत्येक बाबीसमोर तपासणाऱ्याची सही होती. आमच्या तरुण इंजिनिअरने टच पॅनेलवर पासवर्ड बदलण्याची खिडकी उघडली आणि बँकेच्या अधिकारी बाईंना म्हणाला, “मॅडम, आता तुम्ही टाका.” त्यांनी विचारले, “आणि तुम्हाला लागला तर?” तो म्हणाला, “तर आम्ही तुम्हाला फोन करू आणि तुम्ही टाकाल.” मग तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंचा पहिला प्रयत्न चुकला, दोन्ही वेळचा पासवर्ड जुळला नाही. त्यांनी तो पुन्हा टाकला, एका कागदावर लिहिला, लखोट्यात घातला, लखोट्याच्या जोडावर स्वतः सही केली आणि शेजारी रोखपालांची सही घेतली. तो लखोटा खाली नेला जाईपर्यंत मुलगा भिंतीकडेच पाहत होता.